नवी योजना आणि जुने हात



ह्या वसंत व्याख्यानमालेत आजवर प्राध्यापक बोलले, वकील बोलले, डॉक्टर आणि साहित्यिक बोलले. त्यांच्या पंक्तीला कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला बसवावे असे चालकांना वाटले, हा त्यांचा मोठेपणा. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते यंत्रापाशी, कामगार न्यायालयाच्या बाकांवर आणि वाचनालयाच्या त्या कोपऱ्यात, जिथे रात्री आठनंतर पंखा बंद करीत असत. तेव्हा भाषेत कुठे खडबडीतपणा दिसला तर तो पोटात घालावा.

विषय मात्र आम्ही होऊन मागून घेतला आहे. कारखान्यात नवी कल्पना येते, मालक आणि त्यांचे सल्लागार धोरण ठरवितात, त्याचे कागद होतात, तक्ते होतात. आणि शेवटी ते धोरण यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातून घडते किंवा बिघडते. ह्या व्यवहाराचा इतिहास आज सांगावयाचा आहे. ह्यावर पुस्तके पुष्कळ आहेत. पण ती बहुधा कचेरीच्या खिडकीतून खाली पाहून लिहिलेली असतात. आम्ही तोच देखावा खालून वर पाहिला.

हे आजच का सांगावयाचे? तर ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत मोटारींचा कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी करार केला. रक्कम सुमारे वीस हजार कोटींची. त्याच्या थोडे आधी विजेवर चालणाऱ्या स्कूटर बनविणाऱ्या एथर कंपनीने वर्षाला दहा लाखांपर्यंत गाड्या काढण्याचा आपला कारखाना तिथेच होईल असे जाहीर केले. तेव्हापासून गावात, कचेरीत, चहाच्या टपरीवर दोनच प्रश्न ऐकू येतात : किती कोटी आणि किती जागा. विजेच्या गाडीला पेट्रोलचे इंजिन नसते. म्हणजे इंजिनाचे सुटे भाग ओतून, कातून ज्या वाळूजने चाळीस वर्षे पोट भरले, तिथल्या हातांचे पुढे काय, हा तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्यापूर्वी, आजवर नवी योजना आली तेव्हा काय झाले, हे एकदा पाहून घेतले पाहिजे.

आमच्या शहराला योजनांचे नावीन्य नाही. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसविली आणि डोंगराकडचे पाणी भुयारी नहरीने गावात आणले. नहर-ए-अंबरी हे नाव आजही आपण घेतो. ते भुयार कुठे किती खोल घ्यावे, उतार किती ठेवावा, हवेसाठी बंब कुठे उभारावा, हे ज्या गवंड्यांनी आणि खोदणाऱ्यांनी जागेवर ठरविले त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. इतिहासाची ही जुनीच खोड आहे. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

कारखानदारी म्हणतात ती आली १८८९ साली, सूतकताई आणि विणकामाच्या गिरणीच्या रूपाने. तिच्यात सातशे माणसे कामाला होती. मौजेची गोष्ट अशी की, आगगाडी गावात पोचली ती १९०० साली, हैदराबाद-गोदावरी खोऱ्याच्या मीटर गेज मार्गाने. म्हणजे अकरा वर्षे ही गिरणी रेल्वेवाचून चालली. रेल्वे आल्यावर मात्र सरकी काढण्याचे आणि गठाणी दाबण्याचे कारखाने भराभर निघाले. एकट्या जालन्यात सरकीचे नऊ आणि दाबाचे पाच. पण ती सगळी कापूस बाहेर पाठविण्याची सोय होती. कापड करणारे गाव कापूस पाठविणारे झाले, असेही म्हणता येईल. निजामाच्या राज्यात ह्यापुढे फारसे काही घडले नाही आणि म्हणून आम्हीही तिथे थांबत नाही.

आता थोडा वेळ मुंबईला जावे लागेल. कारण नवी योजना आणि जुने हात ह्यांची महाराष्ट्रातली पहिली मोठी टक्कर तिथे झाली आणि तिच्यात जो घोळ झाला तोच पुढे आम्ही वाळूजला पाहिला.

१९२८ सालच्या २६ एप्रिलपासून ६ ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. ह्या संपातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि डांगे, आळवे, निंबकर, मिरजकर ही नावे घरोघर झाली. संपाचे लढाऊपण पुष्कळांनी गाइले आहे. आम्हाला त्यातला एक रुक्ष तपशील महत्त्वाचा वाटतो. ससून गटाच्या गिरण्यांनी कार्यक्षमतेची नवी योजना काढली होती. विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावे. कताई खात्यात एकाऐवजी दोन बाजू पाहाव्या. मालकांचे म्हणणे, जपानी कापडापुढे टिकावयाचे तर दुसरा मार्ग नाही. हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. जपानी कापड खरोखरच बाजारात येत होते.

विणकर काय म्हणत होता? तो म्हणत होता, सूत तुटते. मुंबईच्या गिरण्यांत आखूड धाग्याचा हलका कापूस मिसळून सूत काढीत. ते मागावर वारंवार तुटे. दोन मागांवर तुटणारे धागे जोडता जोडता ज्याचे दोन्ही हात गुंतलेले, त्याला तिसरा माग द्यावयाचा म्हणजे तिसरा हात द्यावयाला हवा. मालकांच्या हिशेबात माग होते, माणसे होती, मजुरी होती. तुटणारा धागा त्या हिशेबात नव्हता. तो फक्त विणकराला दिसत होता. पण विणकराला विचारण्याची रीत नव्हती. मध्ये जॉबर होता, आणि जॉबर हा वरचा हुकूम खाली पोचविण्यासाठी होता, खालची अक्कल वर नेण्यासाठी नव्हे.

आता हीच गोष्ट जपानात कशी झाली पाहा. साकिची टोयोडा हा खेड्यातल्या सुताराचा मुलगा. त्याने १९२४ साली जो स्वयंचलित माग पुरा केला त्यात दोन करामती होत्या : माग चालू असतानाच धोटा आपोआप बदले, आणि ताण्याचा धागा तुटला की माग आपणहून थांबे. त्यामुळे एका कामगाराला कितीतरी माग पाहता येऊ लागले. म्हणजे मागण्याचा हेतू तोच, एका माणसाकडून जास्त माग. पण मुंबईने माणसाला आणखी धावावयास लावले आणि टोयोडाने तुटणाऱ्या धाग्याकडे पाहिले. १९२९ साली लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्स ह्या यंत्र बनविणाऱ्या नामांकित कंपनीने ह्या मागाचे हक्क विकत घेतले, आणि टोयोडा घराण्याचे लक्ष पुढे मोटारीकडे वळले. बिडकीनला येऊ घातलेल्या कंपनीची मुळे अशी मागात आहेत. जपानी गिरण्यांतल्या पोरींचे हाल काही कमी नव्हते, हेही सांगून टाकतो. नाही तर आम्ही जपानचे भाट झालो असे कोणी म्हणेल.

मुंबईच्या विणकाम खात्याची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्या काळी धोट्याच्या भोकातून धागा ओढून घेण्यासाठी विणकर तोंड लावून तो शोषून घेत असे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावावयाचा, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात, जिथे मजुरी बरी मिळे तिथे, शिरकाव नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे जगात तोवर निघालेले होते. तेव्हा कार्यक्षमतेची योजना आखणाऱ्यांपुढे एक सुधारणा अशी पडलेली होती की जिने कामगाराची छाती वाचली असती आणि एक अन्यायी दरवाजाही किलकिला झाला असता. तिची कोणी आठवण काढली नाही, मालकांनी नाही आणि आम्हा संघटनावाल्यांच्या वडीलधाऱ्यांनीही पुरेशी काढली नाही. नवे काय आणावयाचे हे ठरविताना कोणाची अडचण डोळ्यांसमोर असते, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते.

आता गावाकडे परत येऊ.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मोकळा झाला. १९६२ च्या १ ऑगस्टला राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले. १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांना सवलती मिळू लागल्या. पैठणला जायकवाडीचे धरण झाले. त्याची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसविली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. जमीन, सवलत आणि पाणी अशी तिन्ही मिळाली. चिकलठाण्याला वसाहत वाढली. १९७४ साली मराठवाड्याच्या पोरांनी विकासासाठी जे आंदोलन केले, तेव्हा आम्ही बोटाला धरून चालण्याच्या वयाचे होतो. पण त्याच्या गोष्टी ऐकत वाढलो. रोजगार म्हणजे कारखाना, हे समीकरण त्या गोष्टींतूनच मनात बसले.

आणि मग वाळूज. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सोळा महिन्यांत उभा राहिला आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती झैलसिंग ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९८६ साली एम-८० ही गाडी बाजारात आली. आपल्यापैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकावून जाणारी एम-८० आठवत असेल.

ह्या कंपनीचे त्या वेळचे धोरण समजून घेण्यासारखे आहे. १९५९ साली तिला इटलीच्या पियाजियोच्या परवान्यावर दुचाकी आणि तीनचाकी बनविण्याची सरकारी मुभा मिळाली. तो इटालियन करार १९७१ साली संपला आणि १९७२ पासून तीच स्कूटर ‘चेतक’ ह्या नावाने निघू लागली. देशात किती स्कूटर काढावयाच्या हे तेव्हा सरकार ठरवी. त्यामुळे चेतकसाठी लोक कित्येक वर्षे, काही वेळा दहा वर्षेदेखील, थांबत. लग्नात जावयाला चेतक देतो म्हणून सांगावे आणि ती नातवाच्या मुंजीला यावी, अशी थट्टा त्या काळी चाले. असा बाजार असला की धोरण एकच असते : तीच वस्तू, जास्त संख्येने, स्वस्तात. वाळूजचा कारखाना उभा राहिला तो ह्या धोरणावर. त्यात नवे शोधण्याची निकड नव्हती, आणि कामगाराला विचारण्याची तर नव्हतीच.

मोठ्या कारखान्याभोवती लहान कारखाने उगवतात, तसे ते वाळूजला उगवले. एंड्युरन्स कंपनीने १९८५ साली इथेच ॲल्युमिनिअम ओतण्याच्या दोन यंत्रांवर सुरुवात केली. १९९० साली व्हॅरॉक निघाली. ह्या दोन्हींचे मालक जुळे भाऊ आणि राहुल बजाज ह्यांचे भाचे. पुढे ह्या दोन्ही कंपन्या देशोदेशी पसरल्या. पण सगळ्यांनाच मामा नव्हता. शेकडो लहान कारखाने कर्ज काढून निघाले, त्यांतले काही तगले, काही बुडाले.

अशाच एका लहान कारखान्यात आम्ही १९८९ साली लागलो. त्याचे नाव सांगत नाही. काम ॲल्युमिनिअमचे भाग ओतण्याचे. भट्टीत लगडी वितळवावयाच्या, वरची मळी काढावयाची, रस पळीने डायमध्ये ओतावयाचा, निवला की भाग काढावयाचा. एका वर्षी मालकाने पुण्याहून नवी भट्टी आणि नवी यंत्रे आणली. पुण्याचेच एक सल्लागार आले. त्यांनी घड्याळ लावून आमच्या हालचाली मोजल्या, शिफ्टमागे किती भाग निघावेत ह्याचा तक्ता केला आणि तो भिंतीवर लावला. उन्हाळ्यात तक्त्याप्रमाणे काम झाले. मालकाने पेढे वाटले.

आषाढ लागला आणि रिजेक्शन वाढू लागले. भाग वरून सुबक दिसे, पण कातावयाला घेतला की आत फोड. ब्लो होल, ब्लो होल म्हणून मोठ्या कारखान्यातून गाड्याच्या गाड्या परत येऊ लागल्या. सल्लागार पुन्हा आले. त्यांनी रसाचे तापमान पाहिले, डायचे पाहिले, आमच्या हातांना दोष दिला. दोन जणांना घरी पाठविले. रिजेक्शन तसेच.

भट्टीवर गंगापूरकडचे एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणत. सही करता येत नव्हती, अंगठा लावीत. चार दिवस त्यांनी काही सांगितले नाही. पाचव्या दिवशी दोन जणांची नोकरी गेल्याचे पाहून ते सुपरवायझरकडे गेले आणि म्हणाले, “सायेब, लगडी भायेर पावसात पडून हायेत. ओल पोटात घेऊन त्या भट्टीत जात्यात. ती ओल कुठं जाईल? मालातच बसती.” सुपरवायझर हसला. तेव्हा मामांनी रात्रपाळीत कोणाला न विचारता एक गोष्ट केली. दुसऱ्या घाणीच्या लगडी आदल्या घाणीच्या वेळी भट्टीच्या काठावर उभ्या करून ठेवल्या. तासाभरात त्या तापून खडखडीत वाळल्या. त्या रात्रीचा माल जवळजवळ सगळा पास झाला.

ह्यात जादू काही नाही. वितळलेले ॲल्युमिनिअम पाण्यातला हायड्रोजन शोषून घेते आणि थिजताना तो बाहेर पडू पाहतो, त्याचे फोड होतात. हे आम्ही पुढे पुस्तकात वाचले. मामांनी ते पुस्तकात वाचले नव्हते. त्यांनी भट्टीवर अनेक पावसाळे काढले होते.

महिन्याभराने दारापाशी एक चकचकीत फलक लागला. त्यावर ‘प्रक्रियेतील सुधारणा’ असे लिहून लगडी वाळविण्याची रीत दिली होती आणि खाली एका अधिकाऱ्याचे नाव होते. मामांना काही मिळाले नाही. घरी पाठविलेले दोघे परत आले नाहीत. मात्र रिजेक्शन कमी झाले म्हणून शिफ्टचे टार्गेट वाढले. त्या दिवशी मामा आम्हाला जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, “पोरा, हातातली अक्कल हातातच ठिवावी.” आणि त्यांनी ती पुढे खरोखरच ठेवली. डायचा रंग पाहून ती कधी फाटणार हे त्यांना आधी कळे, पण त्यांनी ते पुन्हा कधी सांगितले नाही. आमच्या संघटनेतल्या कामाची सुरुवात त्या फलकापासून झाली म्हणावयास हरकत नाही.

कारखान्यातल्या माणसाने अक्कल लपवावी ही लबाडी आहे, असे मालकवर्ग म्हणतो. आमच्या मते तो विमा आहे. जी अक्कल सांगितली की टार्गेट वाढते आणि सोबती घरी जातात, ती कोण सांगेल?

नव्वदीनंतर बाजार पालटला. १९८५ साली आलेल्या हीरो होंडाच्या मोटारसायकलने पेट्रोल किती कमी लागते हे लोकांना दाखविले होते; १९९८-९९ च्या सुमारास देशात स्कूटरपेक्षा मोटारसायकली जास्त खपू लागल्या. ज्या कंपनीने थांबून राहिलेले गिऱ्हाईक गृहीत धरले होते, तिला आता गिऱ्हाइकाच्या मागे जाणे भाग पडले. वाळूजहून १९९८ साली कॅलिबर निघाली, १९९९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला, नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली. पल्सरने कंपनीला तारले, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. धोरण पालटण्यास उशीर झाला तरी पालटले ते पुरते पालटले. त्याच काळात पुरवठादारांची संख्या कमी करून थोडक्या, मोठ्या पुरवठादारांवर भिस्त ठेवण्याचे ठरले. वाळूजच्या लहान कारखान्यांपैकी ज्यांना ही पायरी चढता आली ते मोठे झाले. ज्यांना आली नाही त्यांच्या शेडवर आज दुसऱ्यांच्या पाट्या आहेत.

मोठे झालेल्यांचा थाट गावाने ऑक्टोबर २०१० मध्ये पाहिला. एका दिवशी दीडशे मर्सिडीज मोटारी शहरात घेतल्या गेल्या. किंमत पासष्ट कोटी. देशभर वर्तमानपत्रांत बातमी आली. गावाची ऐपत जगाला दाखवावी हा हेतू होता म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही. त्या आठवड्यात आम्ही एका फाटकावर कंत्राटी पोरांच्या कॅन्टीनच्या चहासाठी भांडत होतो, एवढेच आमच्या लक्षात राहिले.

सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीचा जुना कारखाना बंद झाला. पन्नाशीतल्या कामगारांनी स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेतले. डिसेंबर २००९ मध्ये स्कूटर बनविणे थांबविण्याचे जाहीर झाले, तेव्हा खुद्द राहुल बजाज ह्यांनीही आपले दुःख बोलून दाखविले होते. पुढची गंमत अशी की, जानेवारी २०२० मध्ये तीच चेतक विजेवर चालणारी होऊन परत आली, आणि जून २०२२ मध्ये तिच्यासाठी नवा कारखाना निघाला तो आकुर्डीलाच. वस्तू गेली आणि परत आली. गेलेली माणसे तेवढी परत आली नाहीत. आणि त्यांच्याबरोबर स्कूटर जोडण्याची जी काही हातोटी होती, तीही गेली.

२०१३ सालचा चाकणचा संप आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. २५ जूनला सुरू झाला, सुमारे पन्नास दिवस चालला आणि ऑगस्टच्या मध्यावर पदरात काही न पडता मागे घेतला गेला. त्यातल्या एका मागणीची वर्तमानपत्रांनी पुष्कळ थट्टा केली. प्रत्येक कामगाराला कंपनीचे पाचशे भाग एक रुपया दराने द्यावे, अशी ती मागणी होती. आम्हाला ती थट्टेची वाटली नाही. मजुरीवाढ मागणे म्हणजे घामाचे दाम मागणे. भाग मागणे म्हणजे ह्या नव्या गाड्यांत आमचीही अक्कल आहे असे म्हणणे. ते मागण्याची रीत चुकली असेल, वेळ चुकली असेल. संप चालू असताना कंपनीने काही उत्पादन वाळूजला हलविण्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या फाटकांवर जी शांतता पसरली ती आम्ही विसरलेलो नाही. चाकणच्या भावांसाठी हात आखडते घ्यावे तर इथल्या पोरांची नवी भरती जाते. नवी भरती घ्यावी तर चाकणचा कणा मोडतो. धोरण म्हणजे काय हे त्या दिवशी आम्हाला चांगले उमजले. दोन गावे असली की मालकाला दोन हात असतात, आणि कामगाराला एकमेकांपासून शंभर कोसांवर असलेली दोन पोटे.

इथे आमच्या स्वतःच्या चुकीचा जबाब देणे आवश्यक आहे. २००४ च्या सुमारास एका कारखान्यातला करार आमच्या सहीने झाला. तिथे नवी ओळ टाकावयाची होती. व्यवस्थापनाने कायम कामगारांना घसघशीत वाढ देऊ केली. बदल्यात नव्या ओळीवर माणसे शिकाऊ म्हणून घेतली तर संघटनेने हरकत घ्यावयाची नाही, एवढेच. सभेत टाळ्या पडल्या. हार घातले गेले. एक म्हातारा कामगार तेवढा म्हणाला, “भाऊ, आमचं झालं, पोरांचं काय?” आम्ही म्हणालो, पुढच्या करारात पाहू. पुढच्या करारापर्यंत नव्या ओळीवरचे लोक जास्त आणि कायम कमी झाले होते. ज्यांच्यासाठी बोलावयाचे ते सभासदच नव्हते.

कायदा म्हणतो, दोनशे चाळीस दिवस सलग भरले की कामगाराला काही हक्क लागतात. म्हणून सात महिन्यांत पोराला घरी पाठवितात आणि नवा आणतात. ह्यातला अन्याय सगळे जाणतात. आम्ही त्यातला तोटा दाखवू इच्छितो, आणि तो मालकाचाही आहे. लगडीची ओल कळावयाला किती काळ लागतो? एक पावसाळा बिघडलेला पाहावा लागतो, एक उन्हाळा चांगला गेलेला पाहावा लागतो आणि मग दुसऱ्या पावसाळ्यात कारण हाती लागते. जो सात महिन्यांत जातो त्याच्या वाट्याला दुसरा पावसाळा येतच नाही. यंत्र कितीही नवे असो, त्याच्या खोडी ऋतूप्रमाणे, विजेप्रमाणे, मालाच्या गाडीप्रमाणे बदलतात, आणि त्या ओळखण्यासाठी आठवण लागते. ती आठवण कारखान्यात कुणाच्या डोक्यात ठेवावयाची, ह्याचा विचार कोणत्याही तक्त्यात आम्हाला आढळला नाही.

टोयोटाचे नाव गावात आता आदराने घेतले जाते, म्हणून त्यांचा इतिहासही नीट सांगितला पाहिजे. १९५० साली ती कंपनी बुडण्याच्या बेतात होती. माणसे कमी करण्यावरून मोठा संप झाला. सुमारे दोन हजार कामगारांची नोकरी गेली, आणि संस्थापक किइचिरो टोयोडा ह्यांनीही अध्यक्षपद सोडले. नोकरी गेली ती दोन्ही मजल्यांवर, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यानंतर उरलेल्यांना नोकरीची शाश्वती मिळाली. १९५१ साली कामगारांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू झाली. माल बिघडतो आहे असे दिसले तर ओळीवरच्या कामगाराने दोर ओढून ओळ थांबवावी, ही पद्धत पुढे बसली. धागा तुटला की थांबणाऱ्या मागाचीच ती कल्पना. जगभरचे कारखानदार तो दोर पाहावयास जपानला गेले आणि दोर घेऊन आले. शाश्वती मात्र तिथेच राहिली. ओळ थांबविल्यावर उद्या आपण कामावर असू ही खात्री ज्याला नाही, तो दोर कशाला ओढील?

आणि हेही सांगतो : त्याच कंपनीच्या कर्नाटकातल्या बिडदीच्या कारखान्यात १९९९ पासून मोटारी निघत आहेत, आणि तिथे मार्च २०१४ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२० मध्ये टाळेबंदी झाली. तेव्हा नावावर भाळू नये. बिडकीनच्या फाटकातून दोर येतो की टाळे, हे तिथे जाणाऱ्या पोरांना कोणत्या कागदावर घेतले जाते त्यावरून समजेल. तो कागद मागून पाहण्याचा अधिकार ह्या गावाला आहे, कारण जमीन ह्या जिल्ह्याची आणि पाणी नाथसागराचे आहे.

गेल्या श्रावणात आम्ही त्या जुन्या कारखान्यात, जिथे सुरुवात केली तिथे, एका अपघाताच्या चौकशीसाठी गेलो होतो. मालकाच्या मुलाने चहा पाजला. भट्ट्या आता गॅसवर चालतात, पुढे पडदा आहे, त्यावर आकडे फिरत असतात. दाराजवळचा तो फलक अजून आहे. काच तडकली आहे, अधिकाऱ्याचे नाव वाचता येते. बाहेर अंगणात लगडी पावसात पडल्या होत्या. भट्टीच्या काठावर एकही नव्हती. तिथल्या पोराला आम्ही विचारले, “बाळा, ह्या वाळवून घेत नाहीत का रे?”

तो म्हणाला, “काय की, काका. मी तर होळीनंतर आलोय. दिवाळीला जाणार.”